सलूनमधला ‘कट्’ आणि कायरोप्रॅक्टरचा ‘कट्’

नौपाड्यातल्या माझ्या नेहमीच्या सलूनमध्ये दाढी झाली की चंपी होते आणि शेवटी, न विचारता, हनुवटी धरून मान दोन्हीकडे कट् कट् मोडली जाते. पंधरा वर्षं मी ती हौसेनं मोडून घेतली. गेल्या वर्षी ठाणे-घणसोली उभ्यानं जाऊन-येऊन कंबर धरली, तेव्हा वाशीत एका कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हाताच्या झटक्यांनी मणक्यांवर उपचार करणाऱ्याकडे, गेलो. आई म्हणाली, “म्हणजे सलूनवालाच की, फक्त पैसे जास्त!”

तिचं अगदीच चुकीचं नव्हतं. आवाज एकच असतो, आणि तो हाडांचा नसतो. सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवावरचा दाब एकदम उतरला की त्यात वायूची पोकळी तयार होते. २०१५ साली संशोधकांनी एमआरआयमध्ये बोटं मोडताना हे टिपलं. एकदा मोडलेलं बोट वीसेक मिनिटं पुन्हा वाजत नाही, ते यामुळेच. तेव्हा ‘कट्’ झालं म्हणजे सरकलेला मणका जागेवर बसला, असं नाही. आवाज आला नाही म्हणून उपचार फसला, असंही नाही.

फरक आहे तो आवाजाच्या आधी. सलूनमध्ये फार तर “पाणी गरम करू का?” एवढीच चौकशी. इथे कितीतरी वेळ नुसते प्रश्न: कळ पायात उतरते का, मुंग्या येतात का, ताप, उगाच घटलेलं वजन, ठिसूळ हाडं, रक्त पातळ करणारी गोळी? (लघवीवरचा ताबा गेला किंवा जांघेत बधिरपणा आला असेल, तर यांच्याकडेही नाही, थेट हॉस्पिटल.) मग वाकवून पाहिलं, गुडघ्यावर हातोडी मारली, पाय सरळ उचलला. त्यानंतर कुशीवर झोपवून, वरचा गुडघा पोटाशी घेऊन, कमरेवर नेमक्या जागी हात टेकवला आणि मी श्वास सोडताच एक छोटा, झपकन झटका. दुखलं नाही, दचकलो मात्र. सलूनमध्ये नेम कसला, अख्खी मानच पिळली जाते.

दुसऱ्या दिवशी अंग आंबलं होतं, जिमच्या पहिल्या दिवसानंतर आंबतं तसं. ते एक-दोन दिवसांत जातं. कंबर हलकी झाली, पण चमत्कार नव्हे; कंबरदुखीत हा उपाय साधारण व्यायाम आणि फिजिओथेरपीच्याच पंक्तीला बसतो. दमा, बहिरेपण वगैरे बरं करण्याच्या गोष्टी कुणी सांगू लागलं तर चपला घालाव्यात. या पद्धतीची सुरुवातच तशा दाव्यातून झाली: १८९५ साली अमेरिकेत डी. डी. पामर यांनी एका सफाई कामगाराचा मणका दाबून त्याचं बहिरेपण घालवल्याचं सांगितलं. ऐकण्याची नस मानेच्या मणक्यांतून जातच नाही!

मानेचं प्रकरण वेगळं. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतल्या छिद्रांतून वर जातात. जोराच्या पिळानं त्यांचं आतलं अस्तर फाटलं तर गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. हे क्वचित घडतं, पण शिकलेल्या हातांनीही धोका शून्य होत नाही. मान मोडल्यावर चक्कर, दोन-दोन दिसणं, जीभ अडखळणं किंवा कधी नव्हे अशी मानदुखी सुरू झाली, तर वाट पाहत बसू नये.

शिकलेले हात पाटीवरून ओळखू येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या मार्गदर्शक सूचनांत पूर्ण प्रशिक्षण किमान ४२०० तासांचं आहे. म्हणून कुठे आणि किती वर्षं शिकलात, हे मी तोंडावर विचारलं. तपासणीआधीच वीस बैठकांचे पैसे मागितले असते तर तेवढंही विचारलं नसतं.

सलूनला अजून जातो. चंपी संपत आली की हात वर करतो, “मान नको, दादा.” पहिल्यांदा तो जरा हिरमुसला. आता तेवढाच वेळ खांदे जास्त रगडतो.