राष्ट्रवाद : सिद्धांत, प्रकार आणि कोल्हापूरचा अनुभव

आपण एक राष्ट्र आहोत ही लोकसमूहाची जाणीव आणि आपला कारभार आपल्याच हाती असावा ही त्यातून येणारी मागणी, यांना मिळून राज्यशास्त्रात राष्ट्रवाद म्हणतात. सीमा, सरकार आणि कायदा यांनी राज्य बनते. राष्ट्र एकत्वाच्या भावनेवर उभे राहते. या दोन्हींची हद्द एकच असावी, असा राष्ट्रवादाचा आग्रह असतो. कोल्हापूर १९४९ पर्यंत संस्थान होते. तिथे हा आग्रह बऱ्याच वळणांनी पोचला, म्हणून सिद्धांत तपासायला हे उदाहरण मोलाचे आहे.

राष्ट्र कसे घडते

जर्मन विचारवंत हर्डर यांच्या मते प्रत्येक लोकसमूहाचा आत्मा त्याच्या भाषेत असतो. फ्रेंच विचारवंत रेनाँ यांनी १८८२ च्या पॅरिसमधील व्याख्यानात भाषा, वंश आणि धर्म यांपैकी एकही आधार पुरेसा मानला नाही. सामायिक आठवणी, काही गोष्टींचे सामायिक विस्मरण आणि एकत्र राहण्याची रोज नव्याने दिलेली संमती यांतून राष्ट्र टिकते, असे ते म्हणाले.

विसाव्या शतकात आधुनिकतावाद्यांनी, म्हणजे राष्ट्र ही आधुनिक काळाचीच निर्मिती मानणाऱ्या अभ्यासकांनी, वादाची दिशाच बदलली. अर्नेस्ट गेलनर यांच्या मते कारखानदारीला एकसारखे शिक्षण घेतलेले, गाव सोडून कुठेही काम करू शकणारे लोक लागतात. असे लोक सार्वत्रिक शाळा घडवते आणि त्यातून राष्ट्र घडते. बेनेडिक्ट अँडरसन यांनी छापखान्याकडे लक्ष वेधले. एकमेकांना कधीही न भेटणारे लाखो वाचक रोज तेच वर्तमानपत्र वाचतात आणि आपण एक आहोत अशी कल्पना करू लागतात. कल्पिलेले म्हणजे खोटे, असा याचा अर्थ लावणे चूक आहे. अशा समूहासाठी माणसे प्राणही देतात. अँथनी स्मिथ यांचा आक्षेप असा की शून्यातून राष्ट्र उभे करता येत नाही. जुनी दैवते, वीरकथा आणि प्रतीके हाताशी असावी लागतात.

कोल्हापुरात स्मिथ यांचे म्हणणे लगेच पटते. बेचाळीसच्या चळवळीच्या काळात मुंबईचे माजी गव्हर्नर विल्सन यांचा पुतळा आंदोलकांनी विद्रूप केला. पुढे त्याच जागी शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला. तोच आजचा शिवाजी चौक. जुलै १८५७ मध्ये इथल्या सत्ताविसाव्या पलटणीने केलेल्या उठावाला, किंवा कोल्हापूरच्या राजांचे भाऊ चिमासाहेब महाराज यांच्या कराचीतील बंदिवासाला, मात्र सरसकट राष्ट्रवाद म्हणता येणार नाही. त्यात परक्या सत्तेविरुद्धचा संताप आणि गादीवरची निष्ठा होती. सर्व प्रजा मिळून एक राष्ट्र ही कल्पना अजून यायची होती.

राष्ट्र कोणाचे

प्रतीक एक असले तरी त्यातून निघणारे राष्ट्र एक असतेच असे नाही. लोकमान्य टिळकांनी शिवजयंतीचा उत्सव इंग्रजांविरुद्ध लोक जागे करण्यासाठी वापरला. त्याआधी, १८६९ मध्ये, जोतीराव फुल्यांनी आपल्या पोवाड्यात शिवाजी महाराजांना ‘कुळवाडीभूषण’ म्हटले होते. जातींनी तुकडे पडलेले लोक ‘एकमय’ झाल्याशिवाय राष्ट्र होणार नाही, हा फुल्यांचा मुद्दा होता.

राजर्षी शाहू महाराजांनी हा विचार कारभारात आणला. २६ जुलै १९०२ च्या आदेशाने संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या गेल्या. १९१७ मध्ये मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा निर्णय झाला. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत महाराजांनी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाचा जाहीर गौरव केला. इंग्रजांशी जुळवून घेतले म्हणून शाहू महाराजांना राष्ट्रीय चळवळीबाहेर ठेवण्याची जुनी रीत आहे, पण ती अपुरी आहे. ज्यांना पाणवठ्यावर जागा नाही त्यांना राष्ट्रात जागा आहे का, हा प्रश्न त्यांनी राज्याच्या हुकमाने सोडवायला घेतला. राज्यशास्त्रज्ञ पार्थ चटर्जी यांनी दाखवले आहे की वसाहतीतील मध्यमवर्गाने घर, धर्म आणि संस्कृती हे ‘आतले’ क्षेत्र सरकारच्या हस्तक्षेपापासून दूर ठेवले आणि राष्ट्र आधी तिथेच कल्पिले. कोल्हापुरात याच्या उलट घडले : या ‘आतल्या’ क्षेत्रात राज्यानेच हात घातला. गेलनर यांची शाळाही इथे आली, पण कारखान्यासाठी नव्हे, समतेसाठी.

प्रकार

हान्स कोन यांनी १९४४ मध्ये पाश्चात्त्य व पौर्वात्य राष्ट्रवाद असा भेद केला. त्यातून पुढे नागरी आणि वांशिक-सांस्कृतिक ही जोडी रूढ झाली. पहिल्यात समान कायदा व नागरिकत्व, दुसऱ्यात रक्त, भाषा किंवा धर्म. याखेरीज वसाहतविरोधी, धार्मिक आणि भाषिक-प्रादेशिक असे प्रकारही सांगितले जातात.

प्रत्यक्षात हे प्रकार एकमेकांत मिसळतात. माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार यांच्या प्रजापरिषदेने, म्हणजे संस्थानी प्रजेच्या संघटनेने, जबाबदार राज्यपद्धती (लोकप्रतिनिधींना उत्तरदायी सरकार) मागितली, ती नागरी राष्ट्रवादाची मागणी होती. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्यानंतर संयुक्त महाराष्ट्राची चळवळ आणि बेळगावचा सीमाप्रश्न यांत कोल्हापूर पुढे राहिले. कोन यांच्या विभागणीत ही भाषिक अस्मिता दुसऱ्या, वांशिक-सांस्कृतिक रकान्यात पडेल. तरीही सीमाभागाची मागणी भारतीय संघराज्यातल्याच दुसऱ्या राज्यात जाण्याची आहे आणि महाराष्ट्राने २००४ मध्ये तिच्यासाठी राज्यघटनेच्या आधारे सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला.