कमरेला पट्टा बांधला की कंबर वाचते?

"पट्टा आवळ, मग कितीही उचल," हा बांधकामावरचा जुना सल्ला. पट्ट्याने कंबर घट्ट वाटते, हे खरं. पण अमेरिकेतल्या 'नायॉश' या सरकारी कामगार-आरोग्य संस्थेने १९९४ मध्येच सांगितलं की धडधाकट माणसाची दुखापत त्याने टळते याला पुरावा नाही. पुढे तिनेच दुकानांत माल हाताळणाऱ्या हजारो कामगारांची पाहणी केली. रोज पट्टा बांधणाऱ्यांची कंबरदुखी कमी निघाली नाही. उलट भलताच धीर येऊन माणूस जास्त वजन उचलतो, ही भीती आहेच.

खरा प्रश्न वजनाचा आणि अंतराचा. ओझं अंगापासून जितकं लांब, तितका मणक्यावर ताण जास्त. किती वजन उचलावं हे काढायच्या नायॉशच्या सूत्रात अगदी सोयीच्या स्थितीतही मर्यादा २३ किलो. आपली सिमेंटची गोणी ५० किलोची! १९९८ च्या केंद्रीय बांधकाम नियमांत एकट्या पुरुषाला ५५ किलोपर्यंत मुभा आहे, स्त्रीला ३०. म्हणजे बाईच्या डोक्यावर अख्खी गोणी देणं सरळ नियमबाह्य.

गोणी दोघांनी उचला, हातगाडी वापरा, थप्पी जमिनीवर न लावता उंच फळ्यांवर लावा. डॉक्टरांनी पट्टा दिला असेल तर तो जरूर बांधा. ते उपचाराचं झालं.