लाल शेवाळाने टिपलेला प्रकाश जातो कुठे?

पाऊस सरला की गोव्यातल्या हणजूणच्या खडकांवर शेवाळ माजतं. ओहोटीच्या वेळी त्यातलं लाल शेवाळ आणून रात्रभर गोड्या पाण्यात ठेवलं, तर अनेकदा पाणी गुलाबी होतं आणि उन्हात नारिंगी झाक मारतं. पेशी फुटून बाहेर आलेलं हे रंगद्रव्य म्हणजे फायकोएरिथ्रिन. जिवंत शेवाळात ही झाक जवळजवळ दिसत नाही, कारण टिपलेली ऊर्जा तिथे वाया न जाता पुढे सरकते. एवढं सिद्ध व्हायला सत्तरेक वर्षं गेली.

प्रकाशसंश्लेषण तर हरितद्रव्याचं काम. मग लाल रंग नुसताच आडोसा, की त्याचाही हातभार? १८८०च्या दशकात जर्मन शास्त्रज्ञ एंगेलमान यांनी ऑक्सिजनकडे धावणारे जिवाणू शेवाळाभोवती सोडले आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यावर वर्णपट पाडला. हिरव्या शेवाळात जिवाणूंची गर्दी तांबड्या आणि निळ्या पट्ट्यांत झाली. लाल शेवाळात हिरव्या पट्ट्यात. या साऱ्या इतिहासातला सगळ्यात देखणा प्रयोग मला हाच वाटतो. वाद मात्र मिटला नाही.

१९४३ मध्ये डटन, मॅनिंग आणि डगर यांनी डायटम या एकपेशीय शेवाळात दाखवलं, की फ्युकोझँथिन या तपकिरी रंगद्रव्याने शोषलेला प्रकाश हरितद्रव्याच्या प्रतिदीप्तीतून, म्हणजे टिपलेला प्रकाश वेगळ्या रंगात परत सोडण्यातून, बाहेर पडतो. १९५० मध्ये हॅक्सो आणि ब्लिंक्स यांना लाल शेवाळात हिरवा प्रकाश हरितद्रव्याच्या हक्काच्या तांबड्या-निळ्या प्रकाशापेक्षा जास्त उपयोगी पडताना आढळला. लगोलग डाउसेन्स यांनी नेदरलँड्समध्ये ऊर्जेची ही वाटचाल मोजली.

ऊर्जा सरकते कशी, याचं गणित फर्स्टर यांनी १९४८ मध्ये मांडलं होतं. शेजारच्या रेणूकडे ती प्रकाश न सोडताच जाते, पण अंतर दुप्पट झालं की वेग चौसष्ट पटींनी घटतो. म्हणजे रंगद्रव्यं खेटूनच हवीत. तशी ती असतातच: १९६६ मध्ये एलिझाबेथ गँट आणि कॉन्टी यांनी लाल शेवाळाच्या हरितलवकांत त्यांचे बारीक कण दाखवले, पुढे त्यांना फायकोबिलिसोम म्हणू लागले. त्यांत फायकोएरिथ्रिनकडून फायकोसायनिन, मग अलोफायकोसायनिन आणि शेवटी हरितद्रव्य अशी उतरण असते. दर पायरीला थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते, त्यामुळे उलट चढणं अवघड.

२०१० मध्ये सागरी क्रिप्टोफाइट शेवाळांत क्वांटम सुसंगती, म्हणजे ऊर्जा लहरीसारखी एकाच वेळी अनेक रेणूंवर पसरणं, सापडल्याचा बराच गाजावाजा झाला. नंतरच्या अभ्यासांत ते संकेत मुख्यतः रेणूंच्या कंपनांचे ठरले.

गँट यांचे कण दिसले त्याच वर्षी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचं मुख्यालय आपल्या दोनापावलाला. समुद्रातली वनस्पती-प्लवकं, म्हणजे पाण्यात तरंगणारी सूक्ष्म शेवाळं, आज मोजतात तीही प्रतिदीप्तीवरूनच: पाण्यात उतरवलेला फ्लुओरोमीटर निळा प्रकाश टाकतो आणि हरितद्रव्याची तांबडी झाक टिपतो.