खोक्यावरचे वॅट: एका आकड्याची पार्श्वभूमी

गाडीतल्या ऑडिओच्या वॅटचा घोळ मराठवाड्यात पसरला तो नव्वदीत, कॅसेटच्या डेकबरोबर. काळी-पिवळी जीप घेतली की डेक बसवायचा आणि मागे ६×९ इंची अंडाकृती स्पीकर ठोकायचे, हे ठरलेलंच. घरच्या टू-इन-वनवर तेव्हा ‘पीएमपीओ’, म्हणजे क्षणभर मिळू शकणारी म्हणे सर्वांत जास्त ताकद, हजारांत छापलेलं असे. तेच आकडे गाडीच्या मालावरही आले. पीएमपीओ मोजायची सर्वमान्य पद्धत कुठेच नव्हती, त्यामुळे ज्याला जो आकडा शोभेल तो त्यानं छापला.

पीएमपीओ बाजूला ठेवलं तरी ‘मॅक्स’, म्हणजे कमाल ताकद, उरतं, आणि आजही अँड्रॉइड स्टिरिओच्या खोक्यावर ४×५० वॅट (चार स्पीकरना प्रत्येकी ५०) लिहिलेलं असतं ते याच खात्यातलं. हा ५० शुद्ध थापही नाही. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. जुन्या डेकमध्ये स्पीकरचं एक टोक अर्थला, म्हणजे गाडीच्या बॉडीला, असायचं. तशा जोडणीत ४ ओहमच्या (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध; तो कमी तितकी वीज जास्त ओढली जाते) स्पीकरला साडेसहा वॅटच्या पुढे स्वच्छ आवाज काढता येत नाही. पुढे ब्रिज जोडणीचे आयसी (चिप) आले आणि स्पीकरची दोन्ही टोकं ॲम्पवर, म्हणजे ॲम्प्लिफायरवर, गेली. व्होल्ट तेवढेच, पण ताकद चौपट. हिशेबानं २६ वॅट, आतली घट धरून प्रत्यक्षात १८ ते २२. आता आवाज पार फाटेपर्यंत वाढवा. लाटेचे माथे कापले जातात, ती चौकोनी होते, आणि चौकोनी लाटेत ताकद दुप्पट असते. २६ चे ५२ झाले. खोक्यावरचे ५० ते हे. त्या आवाजात कुणी गाणं ऐकत नाही. ट्विटर, म्हणजे बारीक आवाजाचे छोटे स्पीकर, मात्र त्याच आवाजात जळतात आणि मग दुकानात वॉरंटीवरून वाद होतो.

घरच्या ॲम्पलाही हा रोग होताच. अमेरिकेत १९७४ मध्ये सरकारी नियम करून त्याला आळा घालण्यात आला: सलग मिळणारी सरासरी ताकद सांगा, किती ओहमवर, कोणत्या फ्रिक्वेन्सीत आणि आवाज किती टक्के बिघडल्यावर हेही सांगा. पण नियम घरगुती करमणुकीच्या उपकरणांपुरता होता. गाडी बाहेर राहिली. पुढची जवळपास तीस वर्षं कार ऑडिओ मोकाट सुटला तो या एका मर्यादेमुळे, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्या मोकळ्या काळात उलटा प्रकारही घडला. ऐंशी-नव्वदच्या दशकांत अमेरिकेत कार ऑडिओच्या स्पर्धा भरू लागल्या आणि गाड्यांचे गट छापील वॅटवरून पाडले जात. मग काही कंपन्यांनी मुद्दाम कमी आकडा छापला. ॲम्पवर चॅनेलला २५ वॅट लिहिलेले, तेही ४ ओहमवरचे. पण एक किंवा अर्ध्या ओहमवर जोडला की शेकड्यांत जायचा. स्पर्धक खालच्या गटात नाव घालून बक्षीस न्यायचे. थोडक्यात, गरजेप्रमाणे आकडा वरही गेला आणि खालीही आला.

२००३ मध्ये अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या संघटनेनं सीईए-२००६ हा मापदंड आणला: ४ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, बिघाड आणि खरखर मिळून १ टक्क्याच्या आत, आणि पुरवठा १४.४ व्होल्ट. खरा वाद या शेवटच्या अटीचा. तोवर काही नावाजलेले ॲम्प १२ किंवा १२.५ व्होल्टवर मोजले जायचे. त्यांचे आकडे छोटे दिसायचे, पण इंजिन बंद असतानाही खरे ठरायचे. १४.४ च्या बाजूनं म्हणणं असं की गाडी चालू असतानाच आपण गाणी ऐकतो आणि अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज तयार करणारं यंत्र) तेवढे व्होल्ट देतो.

दहा गाड्यांची तुलना करायला एकच व्होल्टेज हवं, हे मान्य. पण साध्या पॉवर सप्लायच्या, म्हणजे आत व्होल्ट स्थिर न ठेवणाऱ्या, ॲम्पची ताकद व्होल्टच्या वर्गाप्रमाणे पडते. १४.४ चे १२ झाले की ३० टक्के ताकद गेली. काही महागडे ॲम्प ११ व्होल्टपर्यंत ताकद टिकवतात, पण तसे ॲम्प आपल्याकडे कितीजण बसवतात? म्हणून १२ व्होल्टचा दुसरा आकडाही सक्तीचा करायला हवा होता. तो न केल्यानं प्रामाणिकपणे कमी लिहिणारा मागे पडला.

आपल्याकडे याची सर्वांत कडक परीक्षा ट्रॅक्टरवर होते. गळीत हंगामात कारखान्याच्या गेटवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते, ट्रॅक्टर तासन्‌तास इंजिन बंद करून उभे असतात आणि टेप चालूच असतो. म्हणजे अल्टरनेटर नाहीच, सगळा भार बॅटरीवर. इंजिन चालू केलं तरी बऱ्याच ट्रॅक्टरचा अल्टरनेटर ३६ अँपिअरच्या आसपासचा, म्हणजे लाइटसकट सगळं मिळून सुमारे ५०० वॅट. त्यावर ‘२००० वॅट’चा ॲम्प बसवून दिला जातो. वायर पुष्कळदा ॲल्युमिनियमची, वरून तांब्याचा मुलामा. आणखी व्होल्ट तिथंच गळतात.

सीईए-२००६ ऐच्छिक आहे. ज्यानं मानला नाही त्याच्यावर कारवाई नाही, आणि स्वस्तातल्या मालाच्या खोक्यावर तो उल्लेख सहसा दिसत नाही. अशा मालाचं खरं वजन ॲम्पच्या फ्यूजवर कळतं. ३० अँपिअरचा फ्यूज असेल तर १४.४ व्होल्टवर आत जाणारी वीजच सुमारे ४३० वॅट. ॲम्प क्लास-एबी या जुन्या पद्धतीचा असेल तर निम्म्याच्या थोडी वर स्पीकरला मिळते, वीज कमी वाया घालवणारा क्लास-डी असेल तर ८० टक्क्यांच्या आसपास. बाकीची उष्णता होते. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात सीटखाली कोंबलेला ॲम्प गाणं अर्ध्यावर असताना बंद पडतो तो बहुधा याच उष्णतेमुळे.