मार्गदर्शक नेमका कोणाचा? प्राध्यापकांच्या वैयक्तिक अध्यापन-साहाय्याची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील महाविद्यालयांत नव्या प्राध्यापकाच्या तासाला एखाद्या जाणत्या सहकाऱ्याने बसावे आणि नंतर दोघांनीच त्याविषयी बोलावे, ही अपेक्षा अधूनमधून व्यक्त होते. तिला संस्थात्मक रूप का मिळाले नाही, हे समजण्यासाठी फार मागे जावे लागत नाही. धारवाडचे विद्यापीठ १९४९ मध्ये निघेपर्यंत इथली महाविद्यालये मुंबईला संलग्न होती; पण संलग्नता कोठलीही असो, शाळेच्या शिक्षकाला बी.एड. लागते आणि महाविद्यालयात शिकवायला विषयाची पदवी पुरते, हा समज कायम राहिला.

खरा फाटा फुटला तो १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर. पुढच्याच वर्षी प्राध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी अकॅडमिक स्टाफ कॉलेजांची योजना आली, आणि चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग (ओरिएंटेशन) व तीन आठवड्यांचा उजळणी वर्ग (रिफ्रेशर) यांची सांगड पदोन्नतीशी घातली गेली. सक्ती नसती तर किती जण गेले असते, हा त्या निर्णयाच्या समर्थकांचा प्रश्न रास्त होता. मात्र त्यामुळे ‘ओरिएंटेशन झालं का, रिफ्रेशर किती राहिले?’ हीच स्टाफरूममधली भाषा झाली. वर्गात बसून व्याख्याने ऐकायची, प्रमाणपत्र घेऊन परतायचे. पण मराठी आणि कन्नड अशा दोन माध्यमांतून आलेल्या मुलांना एकाच तासाला इंग्रजीतून अर्थशास्त्र शिकवताना कोणत्या भाषेचा आधार कधी घ्यावा, हा बेळगावच्या प्राध्यापकाचा रोजचा पेच त्या वर्गांच्या बाहेरच राहिला.

येथे एका शब्दाने बराच घोटाळा केला आहे. ‘मार्गदर्शक’ म्हटले की विद्यापीठात पीएच.डी.चा गाईड आठवतो. कन्नडमध्येही हाच शब्द याच अर्थाने रूढ असल्याने सीमाभागात भाषा बदलूनही सुटका नाही. ‘मेंटर’ म्हणावे, तर महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनात एका मेंटरमागे किती विद्यार्थी हे विचारले जात आले, म्हणजे तो शब्द विद्यार्थ्यांच्या पालकत्वासाठी खर्ची पडलेला. ‘निरीक्षण’ म्हणावे, तर घेतलेल्या तासांची नोंदवही, म्हणजे वर्क डायरी, तपासणारे प्राचार्य डोळ्यांपुढे येतात. म्हणजे प्राध्यापकाला शिकवण्यात मदत करणारी, पण त्याच्यावर शेरा न मारणारी व्यक्ती, हिला आपल्याकडे धड नावच नाही, आणि ज्याला नाव नाही त्याचे पद मंजूर होत नाही. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाने १९६२ मध्ये यासाठी स्वतंत्र केंद्र उघडले. तेथील सल्लागार प्राध्यापकाशी बोलतात, सत्राच्या मध्यावर विद्यार्थ्यांचे मत घेतात आणि ते त्या प्राध्यापकालाच सांगतात, विभागप्रमुखाला नाही. मदत आणि मूल्यमापन यांची ही फारकत हाच त्या पद्धतीचा गाभा आहे. आपल्याकडे दोन्ही एकाच फायलीत बांधली गेली.

२०१९ मध्ये नव्या प्राध्यापकांसाठी महिनाभराचा प्रवेश-प्रशिक्षणाचा आराखडा आला. २०२० च्या धोरणात ज्येष्ठ आणि निवृत्त प्राध्यापकांनी, भारतीय भाषांत शिकवू शकणाऱ्यांसह, इतर प्राध्यापकांना साहाय्य करावे अशी राष्ट्रीय मोहीम सुचवली गेली. सीमाभागासाठी या वाक्यात मोठी शक्यता होती. २०२३ मध्ये जुन्या प्रशिक्षण केंद्रांना नवे नाव मिळाले आणि धोरणाची ओळख करून देणारे ऑनलाइन वर्ग सुरू झाले. म्हणजे पुन्हा वर्गच.

बेळगावला २०१० मध्ये स्वतःचे विद्यापीठ मिळाल्याने धारवाडची फेरी वाचली. मात्र सरकारी पदवी महाविद्यालयांत अनेक तास अतिथी व्याख्याते घेतात, आणि पदोन्नतीची शिडी त्यांना लागूच नसल्याने तिला बांधलेल्या प्रशिक्षणाचा धागाही त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. त्यांना पहिल्या दिवशी हातात मिळते ते वेळापत्रक.