काट्यातली चूक आणि वाटपातला अन्याय

पीएचडीचा विषय सांगितला की देवगडला घरी पहिला प्रश्न ठरलेला: "म्हणजे कॉम्प्युटर भेदभाव करतो, हेच ना?" हेच. पण त्या भेदभावात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात, आणि माझं निम्मं काम त्या सुट्या करण्यातच जातं.

पहिली गोष्ट बायस. आंब्याच्या दिवसांत पेटी भरताना फळं वजनानुसार वेगळी काढतात. काटा प्रत्येक फळ दहा ग्रॅम कमी दाखवत असेल, तर ती कायम एकाच बाजूला झुकणारी चूक. खऱ्या वजनाशी ताडून ती पकडता येते. २०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू या संशोधकांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन प्रणाली अशाच ताडून पाहिल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, काळ्या-सावळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत!

दुसरी गोष्ट फेअरनेस, न्याय्यता. इथे काटा बिनचूक असू शकतो, तरी त्याच्या आकड्यावरून केलेलं वाटप अन्यायाचं ठरू शकतं. हापूसमधला साका, म्हणजे आतून खराब झालेला गर, वजनावरून कळतो का? फळ कापल्यावरच दिसतो.

अमेरिकेतल्या एका प्रणालीचं असंच झालं. कोणत्या रुग्णांना जादा देखभाल द्यायची हे ती ठरवायची, आणि त्यासाठी पुढे उपचारांवर किती खर्च होईल याचा अंदाज बांधायची. वंशाचा रकाना तिच्यात नव्हताच. खर्चाचा अंदाजही गोऱ्या-काळ्यांसाठी जवळपास सारखाच बरोबर यायचा. पण तेवढ्याच आजारी असलेल्या काळ्या रुग्णांवर मुळात खर्चच कमी होत होता, म्हणून ते यादीत मागे पडत. झियाद ओबरमायर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवलं, की ही तफावत दूर केली तर जादा मदत मिळणाऱ्यांत काळ्या रुग्णांचं प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर जाईल.

हे वाचताना मला माझी आत्ये आठवली. गुडघे सुजले तरी "माका काय होऊक नाय" म्हणत ती दुखणं अंगावर काढते. दवाखाना लांब, एसटी दिवसातून दोनदा, शिवाय बागेतलं काम. तिच्या नावावर औषधपाण्याचा खर्च जवळजवळ शून्य. खर्चावरून तब्येत जोखणाऱ्या प्रणालीला ती ठणठणीत दिसेल, आणि तो अंदाज खर्चापुरता अगदी बरोबर असेल. मला याचा फार त्रास होतो, कारण अशा ठिकाणी चुकांचा तक्ता स्वच्छ निघतो आणि लोक समाधानानं फाईल बंद करतात.

शिवाय न्याय्य कशाला म्हणायचं, यावरच वाद असतो. ज्याचा अंदाज बांधायचा त्याचं दोन गटांतलं मूळ प्रमाण वेगळं असेल आणि अंदाज शंभर टक्के अचूक नसेल, तर न्यायाच्या काही वाजवी कसोट्या एकाच वेळी पाळता येत नाहीत, हे जॉन क्लाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये गणितानं सिद्ध केलं. त्यातली कुठली निवडायची हे माणसांनीच बसून ठरवायला हवं, आणि त्या बैठकीत आत्येसारखी बाईही हवी.

म्हणून नवी प्रणाली हातात आली की मी चुकांची टक्केवारी नंतर बघते. आधी ती नेमका कशाचा अंदाज बांधते, तो रकाना शोधते.