विहिरीच्या पाण्यावर सरसकट कर? तसं काही नाही

‘आता प्रत्येक विहिरीला मीटर, केंद्राची पाणीपट्टी!’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत शेतीला भूजल उपशासाठी लागणाऱ्या ना-हरकत दाखल्यातूनच सूट आहे. दाखला नाही, तर शुल्क कसलं?

वावडीला धागा मिळाला तो राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यातून. त्यात ६० मीटरच्या, म्हणजे साधारण दोनशे फुटांच्या, खाली गेलेली ती ‘खोल विहीर’. शेतीसाठी नवी खोल विहीर घ्यायला मनाई, आणि अधिसूचित, म्हणजे भूजल उपशावर नियंत्रणासाठी जाहीर केलेल्या, क्षेत्रातल्या जुन्या खोल विहिरींवर उपकराची तरतूद. चाळीस-पन्नास फुटी विहिरीचा त्या उपकराशी संबंध नाही. नोंदणी मात्र कायद्याने सगळ्यांनाच सांगितली आहे, आणि हे त्या मेसेजमध्ये कधीच नसतं. तसंच, सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खोदता येत नाही.